पत्त्याची पहिली ओळ

आमच्या मॅट्रिकच्या वर्गाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. सगळे सत्तरीकडे झुकलेले. बरेचसे पुण्याला मुलांकडे, काही नागपुरात फ्लॅटमध्ये, आणि माझ्यासारखे दोन-चार अजून कन्हानलाच. मध्यंतरी एकानं विचारलं, आपल्या गावातल्या जुन्या मोहल्ल्यांची नावं कोणाकोणाला आठवतात? तासाभरात यादी तयार. बाबू लाईन, स्टेशन लाईन, ढिवर मोहल्ला, तेलीपुरा, कुंभारटोली, महारपुरा, मेहतर लाईन. खाली बदामांची रांग लागली. एकानं लिहिलं, "किती गोड नावं होती यार, आता सगळे नगरच नगर!"

त्या यादीतल्या एका मोहल्ल्यात मी जन्मलो. कोणत्या ते सांगायची गरज नाही. वाचणाऱ्यानं अंदाज केलेलाच असेल.

जुन्या कन्हानचं वेड मलाही आहे. उन्हाळ्यात नदी उतरली की वाळूत डांगरवाड्या लागायच्या. ढिवर मंडळी रात्री राखणीला तिथंच झोपायची आणि पहाटे बैलबंडी भरून डांगरं नागपूरच्या बाजारात निघायची. पलीकडे कामठीची छावणी, १८२१ सालापासूनची. वारा त्या बाजूनं असला की पलटणीचा बिगूल नदीच्या अल्याड ऐकू यायचा. ब्रुक बॉन्डच्या कारखान्याकडून चहाचा वास यायचा, खंडेलवालच्या भट्ट्यांकडून धूर. कार्तिकात रामटेकच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून जायच्या. जबलपूरकडे जाणाऱ्या ट्रकांच्या मागची शायरी वाचूनच मी अर्धी हिंदी शिकलो. आज वाळू घाटांच्या लिलावानं नदी खरवडून निघाली आहे आणि डांगरं कुठून येतात ते भाजीवाल्यालाही सांगता येत नाही. या सगळ्याचं दुःख मला ग्रुपवरच्या कोणाहीपेक्षा कमी नाही. मोहल्ल्यांच्या त्या यादीवर मात्र माझ्या हातून बदाम उमटला नाही.

याचं कारण पत्त्यात आहे.

आमच्या घरी एका लोखंडी पेटीत आजोबांची जुनी पत्रं होती. आजोबा रेल्वेच्या गँगमध्ये, तेव्हाच्या बंगाल नागपूर रेल्वेत. मी ती पत्रं तिकिटांसाठी उपसायचो, पण लक्ष राहिलं ते पत्त्यांवर. सर्वांत जुन्या पाकिटांवर शेवटची ओळ 'सी. पी. अँड बेरार' अशी होती. पन्नास सालानंतरच्या पाकिटांवर 'मध्य प्रदेश'. १ नोव्हेंबर १९५६ नंतर 'मुंबई राज्य'. १ मे १९६० नंतर 'महाराष्ट्र'. माणूस एका जागी, कुडाचं घर एका जागी, आणि वरची राज्यं बदलत चाललेली. पुढे बंगाल नागपूर रेल्वेसुद्धा गेली, दक्षिण पूर्व आली, मग दक्षिण पूर्व मध्य. आम्ही रामटेक तालुक्यातून पारशिवनी तालुक्यात गेलो. घरासमोरचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ हा २०१० च्या नव्या क्रमवारीत ४४ झाला. ग्रामपंचायतीची कन्हान-पिपरी नगरपरिषद झाली. एकदाही कोणाचं पत्र हरवलं नाही, कोणाला परंपरा बुडाल्याचं दुःख झालं नाही, आणि सातचा चव्वेचाळीस केल्याबद्दल एकाही माणसानं रस्ता रोखला नाही.

त्या साऱ्या पाकिटांवर फक्त पहिली ओळ तशीच राहिली. आजोबांचं नाव, त्याखाली मोहल्ल्याचं नाव. राज्य बदलणं सोपं होतं, मोहल्ला नव्हतं. १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी गृहस्थ, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्या सहा आकड्यांनी पत्र थेट आमच्या पोस्टापर्यंत आणून सोडायची सोय केली. पुढचं काम पोस्टमनचं, आणि आमच्या पोस्टमनला घरातल्या कुत्र्यासकट सगळे माहीत. तरीही कागदावर मोहल्ला लिहावाच लागे, कारण त्या ओळीचं काम घर शोधून देण्याचं नव्हतंच. घरात राहणारा कोण, हे तिला सांगायचं होतं.

ते काम ती फार चोख करायची. राशनच्या दुकानात कार्ड उघडलं की दुकानदार आधी तीच ओळ वाचायचा. हॉटेलात नवा चेहरा दिसला की गल्ल्यावरचा विचारायचा, "कोन्या मोहल्ल्याचा बे तू?" उत्तर ऐकून कप कोणत्या फळीवरून घ्यायचा ते ठरायचं. आम्ही हुशार पोट्टे मग "स्टेशनकडचा" असं सांगायचो. ते खोटं नव्हतं. आमच्या मोहल्ल्यातून स्टेशन दिसायचंच. माझ्या थोरल्या भावानं नागपूरला एका खाजगी पेढीत नोकरीसाठी अर्ज केला. मुलाखत घेणाऱ्यानं मार्क पाहिले नाहीत, पत्ता पाहिला आणि 'महारपुरा म्हणजे नेमकं कुठं?' एवढंच विचारलं. त्याला ते कुठं हे पक्कं ठाऊक होतं. भाऊ परत आला आणि पुढल्या अर्जावर त्यानं मामाचा पत्ता घातला. मामा रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचे, नंबराच्या घरात. नंबर माझ्या भावाला फार आवडायचे.

स्मरणरंजन करणाऱ्यांना ही बाजू दिसत नाही यात त्यांचा दोष थोडाच. ज्याचा पत्ता 'स्टेशन लाईन' होता, त्याला पत्ता कधी टोचलाच नाही. तेलीपुरा, कुंभारटोली ही नावंही जातीचीच, पण तिथल्या माणसाला 'तेलीपुऱ्याचा' म्हटलं की धंदा आठवायचा. आम्हाला आमच्या मोहल्ल्याचं म्हटलं की अंतर आठवायचं: विहिरीपासूनचं, देवळापासूनचं, वाऱ्याच्या दिशेचं. मेहतर लाईनचं तर विचारूच नका. सगळ्या गावाची घाण वाहणाऱ्यांना गावानं त्या कामाचंच नाव पत्ता म्हणून दिलं, आणि आता तोच पत्ता गोड लागतो म्हणे.

गावांच्या नावांत गंमत असते, तिच्यावर माझा आक्षेप नाही. कळंब तालुक्यात चोराखळी आहे, खानदेशात चोरवड आहे. तिथली माणसं स्वतःच त्यावर विनोद करतात, आणि चोराखळीच्या माणसाला बँक कर्ज नाकारत नाही. नाव हसतं तेव्हा ते बदलायची घाई कशाला? ते जन्मभर माणसाच्या पाठीवर बसून राहतं तेव्हा मात्र उतरवावं लागतं.

आमच्या भागात हे उतरवणं सरकारच्या फार आधी सुरू झालं होतं. नदीपलीकडच्या कामठीत ६ जानेवारी १९०४ रोजी बाबू हरदास जन्मले, लक्ष्मणराव नगराळ्यांचे हरदास, म्हणून हरदास एल. एन. विडी कामगारांत त्यांनी संघटना बांधली, वाचनालय काढलं, 'महारठ्ठा' नावाचं पत्र चालवलं, १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नागपूर-कामठीतून निवडून आले आणि १२ जानेवारी १९३९ ला क्षयानं गेले. पस्तीस वर्षांचं आयुष्य. 'जय भीम' हा नमस्कार रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्याआधी आमची माणसं 'जोहार मायबाप' म्हणायची, तेही कमरेत वाकून. माझी पणजी म्हातारपणापर्यंत पाटलांच्या वाड्यासमोरून जाताना नकळत वाकायची. आजीनं मात्र 'जय भीम' उचललं ते असं, की सकाळी झाडू मारता मारता रस्त्यावरच्या सगळ्यांना ती ते म्हणायची, त्यांनी उत्तर दिलं न दिलं तरी. कन्हानच्या काठी हरदासांची समाधी आहे. जानेवारीत तिथं माणसं जमतात. लहानपणी आम्हाला ती जत्राच वाटायची, कारण फुटाणे मिळायचे.

नमस्कार बदलला की पत्ता कसा राहील? १४ ऑक्टोबर १९५६ ला आमच्या घरचे पायी नागपूरला गेले, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतले. काही वर्षांत मोहल्ल्यातल्या पोरांनी वर्गणी काढून एक लोखंडी पाटी केली. निळ्यावर पांढरी अक्षरं: भीमनगर. ठराव नाही, अर्ज नाही, शासनाची मंजुरी नाही. वेल्डिंग करणाऱ्यानं पैसे घेतले नाहीत, रंग रेल्वेच्या गोदामातून कसा आला ते विचारायचं नाही. पाटी लागल्यावर आजीनं सुनेकडून पोस्टकार्ड लिहून घेतलं, भंडाऱ्याच्या आपल्या भावाला. मजकूर काहीच नव्हता, खुशाली. पत्ता पाठवण्यासाठीच ते कार्ड होतं.

कागद मात्र हट्टी. घरपट्टीच्या पावतीवर जुनंच नाव, शाळेच्या दाखल्यावर जुनंच. बोलण्यातही नवं नाव एकटं कधी यायचं नाही. 'भीमनगर, म्हणजे जुना महारपुरा' असं जोडूनच. हा 'म्हणजे' पन्नास वर्षं टिकला.

नावाची किंमत किती असते ते या महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्यासोबत दीक्षाभूमीवरून हजारो लोक पायी औरंगाबादकडे निघाले. तो लाँग मार्च. आमच्या मोहल्ल्यातले तिघे गेले होते. त्यातला एक कोळसा खाणीत हजेरीवर होता. आठवडाभराची मजुरी बुडवून गेला आणि परत आल्यावर पायांच्या फोडांना हळद लावत बसला. विद्यापीठाला ते नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'नामांतर' न म्हणता 'नामविस्तार' म्हणून, जुनं नाव शेपटीला ठेवून. ठरावापासून नावापर्यंत साडेपंधरा वर्षं. त्यामानानं आमची पाटी फार स्वस्तात लागली होती.

मग २ डिसेंबर २०२० ला मंत्रिमंडळानं निर्णय घेतला: राज्यातल्या वस्त्यांची, गावांची, रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची. ११ डिसेंबरला शासन निर्णय निघाला. प्रस्ताव सामाजिक न्याय विभागाचा, अंमलबजावणी ग्रामविकास आणि नगरविकास विभागांची. जाणाऱ्या नावांची उदाहरणं दिली होती: महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली. येणाऱ्या नावांची उदाहरणं: समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर. ग्रुपवर तेव्हा बातमी आली आणि कोणीतरी लिहिलं, 'चला, तुमचं काम झालं.' तुमचं!

निर्णय चांगलाच होता, उशिरा का होईना. पण यादी पाहून मला दोन गोष्टी खटकल्या आणि त्या अजून खटकतात. पहिली, ढोरवस्ती आणि ब्राह्मणवाडा एका ओळीत. जातिवाचक दोन्ही, मान्य. पण ब्राह्मणवाड्यात राहतो म्हणून खोली भाड्यानं मिळाली नाही असा माणूस मला भेटायचा आहे. समान वागणूक देताना सरकार कधीकधी इतकं समान वागतं की जखम आणि दागिना एकाच डबीत ठेवतं. दुसरी, बौद्धवाडा. हे नाव कोणी वरून लादलेलं नव्हतं. छप्पन सालानंतर लोकांनी जुनं नाव फेकून, छाती काढून ते घेतलं होतं. ज्यांनी स्वतःचं नाव स्वतः निवडलं, त्यांची निवड आणि पाटलांनी दिलेलं नाव सरकारी कागदावर सारखंच 'आक्षेपार्ह' ठरलं. कोकणात, देशावर कितीतरी ठिकाणी बौद्धवाडीतल्या माणसांना आपलं नाव राहावं असं वाटू शकतं. त्यांना विचारल्याशिवाय ते पुसणं म्हणजे जुन्याच रीतीनं नवं नाव देणं झालं.

जगात इतरत्रही हे चाललं आहे, आणि तिथंही हाच प्रश्न येतो की विचारलं कोणाला. अमेरिकेत आदिवासी स्त्रियांना हिणवणारा 'स्क्वॉ' हा शब्द डोंगर, झरे, दऱ्यांच्या नावांत होता. डेब हालँड या तिथल्या पहिल्या आदिवासी मंत्री होत्या. त्यांनी २०२१ मध्ये आदेश काढला, आदिवासी जमातींकडून पर्यायी नावं मागवली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये जवळजवळ ६५० ठिकाणांची नावं बदलून टाकली. दहा महिन्यांचं काम. आपल्याकडे तामिळनाडूनं रस्त्यांवरच्या पाट्यांतून जातीची नावं १९७८ मध्येच काढायला घेतली होती, आणि अलीकडे पुन्हा घ्यावी लागली. यावरून पाट्या किती चिवट असतात ते कळावं. केरळनं २०२४ च्या जूनमध्ये दलित-आदिवासी वस्त्यांना 'कॉलनी' म्हणणंसुद्धा बंद केलं. आपल्याकडे कॉलनी म्हटलं की बंगले डोळ्यांपुढे येतात, तिकडे तो शब्द हिणवणीचा झाला होता. शब्द कुठला यापेक्षा तो कोणाकडे बोट दाखवून उच्चारला जातो, त्यावर सगळं ठरतं.

आणि आजचं कन्हान? आमच्या भागात आता पक्की घरं आहेत, सिमेंटचा रस्ता आहे, दोन घरांत इंजिनियर मुली आहेत. ती लोखंडी पाटी गंजून पडली, तिच्या जागी नगरसेवकाच्या फोटोची चकचकीत पाटी आली. माझी नात 'भीमनगर' म्हणते आणि पुढे 'म्हणजे' जोडत नाही, कारण जुनं नाव तिला ठाऊकच नाही. हे मला फार मोठं वाटतं. पणजीच्या 'जोहार'पासून इथपर्यंत यायला आमच्या कितीतरी पिढ्या लागल्या.

पण शहराच्या कडेनं नवे ले-आउट पडतायत आणि तिथं वेगळाच खेळ आहे. प्लॉट विकणारा एजंट विचारतो, "तुम्ही कुठले?" मी म्हणतो, भीमनगर. तो हसून म्हणतो, "अच्छा अच्छा," आणि वहीचं पान उलटतो. जुना महारपुरा ऐकून जे कळायचं, ते आता भीमनगर ऐकून कळतं. भीमनगर, सिद्धार्थनगर, पंचशीलनगर, रमानगर असं कुठलंही नाव घ्या, कोणत्याही शहराच्या नकाशावर ते कोणत्या टोकाला असेल ते डोळे मिटून सांगता येतं. साठे, वाल्मिकी ही नावंही तशीच वाटून दिलेली. नावं थोर माणसांची, वस्त्या मात्र त्याच जागी, त्याच नाल्याकाठी. फुले-शाहू-आंबेडकर सगळ्यांचे म्हणायचे आणि त्यांच्या नावाची नगरं मात्र एकाच बाजूला वसवायची. आमच्या गावातल्या बाजाराजवळच्या, सगळ्यांत महाग रस्त्याला क्रांतीनगर म्हणा की! तिथले लोक तक्रार करतात का ते पाहू.

यावर ग्रुपवरच्या एका मित्रानं मला विचारलं होतं, मग नाव बदलून उपयोग काय, नाला तर तिथंच आहे? प्रश्न बरोबर आहे, पण तो विचारणाऱ्यानं नाला हलवायला कधी अर्ज केलेला नाही. उपयोग हा, की माझ्या भावाला पत्त्यासाठी मामाकडे जावं लागलं, माझ्या नातीला जावं लागत नाही. तिनं परवाच नोकरीचा अर्ज भरला. पहिल्या ओळीत खरा पत्ता. समोरचा काय समजायचं ते समजेल, पण ती काही लपवत नाही. नाल्याचं काम वेगळं आहे आणि तेही करायचंच आहे. एक झालं नाही म्हणून दुसरं थांबवायचं, हा सल्ला नेहमी स्टेशन लाईनीतूनच येतो.

माझ्या मोहल्ल्यातलं खूप काही मला आज हवं आहे. चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री पताका लावताना पेट्रोमॅक्सभोवती चालणारे गाण्यांचे सामने. बाळंतिणीच्या घरी सगळ्यांकडून जाणारे डिंकाचे लाडू. थंडीतल्या शेकोटीवर खाणीतल्या गोष्टी. कोळसा खाणी १९७३ मध्ये सरकारच्या झाल्या तेव्हा मोहल्ल्यात पहिल्यांदा महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार आला आणि त्या संध्याकाळी प्रत्येक चुलीवर मटण होतं, तो वास. यातलं एकही सुख त्या जुन्या नावामुळे नव्हतं. त्या नावाला न जुमानता आमच्या माणसांनी ते उभं केलं होतं. म्हणून गल्लीच्या आठवणी काढताना तिचं नाव गोड होतं असं कोणी म्हटलं, की मी गप्प बसत नाही.

शेवटी वाचकांना एक काम सांगतो, फार वेळ लागणार नाही. शासन निर्णय निघून वर्षं झाली, तरी कागद आपोआप बदलत नाहीत. आपल्या भागाची मतदार यादी काढा. पहिल्याच पानावर वस्त्यांची नावं छापलेली असतात. ग्रामपंचायतीत नमुना आठ पाहा, नगरपरिषदेत घरपट्टीची नोंद पाहा, शेजारच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा. कुठं जुनं नाव अजून असेल, तर तिथं राहणाऱ्या लोकांना आधी विचारा की त्यांना कोणतं नाव हवं. मग त्यांच्यासोबत ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.